एल्डामावशीचा अंगठा

आंपेलिओच्या दुकानात छताच्या हुकाला एक निळी सायकल टांगलेली होती. सायकल तरी कशी म्हणायची? नुसता सांगाडा. ना चाकं, ना साखळी, ना ब्रेक. पोलादी नळ्या जोडून, घासून, वर आभाळाचा रंग चढवून आंपेलिओनं आपलं काम पुरं केलं होतं आणि आता ती बिचारी उघडीनागडी लटकत होती. पाव आणायला निघालेलं माणूससुद्धा वाट वाकडी करून त्याच्या दारात डोकवायचं.

"ठरलं का रं एल्डाचं?"

"न्हाई."

"आरं, पण त्यात ठरवायचं काय?"

"ते तिलाच जाऊन इचार की. माझ्या दारात गर्दी करू नगंस, उजेड अडतोय."

ठरवायचं होतं ते गिअरचं. हँडलवरचे लिव्हर, साखळी इकडून तिकडं सरकवणारे पुढचे-मागचे हात, दातऱ्यांच्या चकत्या, साखळी, ब्रेक हा सगळा संच एकाच घराण्याचा घ्यावा लागतो. एकाचा नवरा नि दुसऱ्याची बायको असं त्यात फारसं जमत नाही. आणि जगात घराणी मोजकीच. एक आमचं, एक जपानचं, एक अमेरिकेचं. बाकी जगात लोक चार ठिकाणी वाचतात, दहा जणांना विचारतात आणि काय ते घेतात. आमच्याकडं, इटलीत आसियागोच्या पठाराच्या पायथ्याला, हे बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरतं. गिअरचा कारखाना आमच्याच मुलखात. घरटी एक तरी माणूस तिथं कामाला गेलेलं. ज्याच्या पगारावर तुमचं आजपर्यंतचं जेवण शिजलं त्याचंच सायकलीला लावायचं, यात विचार करण्यासारखं कुणाला काही दिसत नाही.

आणि एल्डामावशी विचार करत होती.

मावशी माझी सख्खी नव्हे. तिचं घर माझ्या घरासमोर, एवढंच. पण लहानपणी तिच्या हातची इतकी पोलेंता, मक्याच्या पिठाची, खाल्लीय की नातं लागतंच. सत्तरीला टेकलेली, बुटकी, पायाच्या पोटऱ्या दगडी. दर रविवारी आमच्या टोळीबरोबर सायकल काढते. टोळीत आम्ही सगळे बापे आणि ही एकटी बाई. चढावर आमचा श्वास फुलतो, तोंडं बंद होतात, तेव्हा ही मागून निवांत बोलत येते. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या चेरीला कीड लागली, असं सगळं. माथ्यावर पोचेपर्यंत गावची खबर पुरी होते.

सायकल तिला नवी नाही. माहेर नोवेचं, नदीकाठचं. तिथं चिनीमातीच्या भट्ट्या. मावशी पोरवयापासून एका भट्टीत कपांना नि जगांना कान लावायच्या कामावर होती. ओल्या मातीचा कान घ्यायचा, जगाला टेकवायचा, आणि उजव्या अंगठ्यानं वर एकदा, खाली एकदा असा दाब द्यायचा. मग तो कान जन्मात सुटत नाही. आमच्या खोऱ्यात कुठल्याही घरात जा, पाण्याचा जग उचला, कानाच्या खालच्या टोकाला बोटानं चाचपा. लहानसा खळगा लागेल. तो मावशीचा अंगठा. भट्टीवर जायला तिच्याकडं एक काळी जड सायकल होती. ब्रेंता नदीच्या कडेकडेनं सकाळी जायची, संध्याकाळी यायची.

त्याच रस्त्यावर तिला बेपी भेटला. तो गिअरच्या कारखान्यात. लग्नात त्यानं तिला रेसची सायकल दिली, आपल्या हातानं जुळवलेली, कारखान्यातल्या उत्तम मालाची. मावशी अजून बायकांत सांगते, "इतरांच्या नवऱ्यांनी साखळी घातली सोन्याची. माझ्या नवऱ्यानं घातली ती चाकाला. पण तुमची तिजोरीत पडलीय, माझी रोज डोंगरावर फिरतीय."

बेपी स्वतः सायकलवर कधी बसला नाही. तोल जातो म्हणतो. पण हँडलवरचे लिव्हर जुळवायच्या विभागात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाला तेव्हा कारखान्यानं त्याला एक लिव्हर मधोमध कापून, आतली स्प्रिंग नि दातरी दिसेल असा, लाकडावर बसवून भेट दिला. तो स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. एका बाजूला येशू, एका बाजूला लिव्हर. पाहुणा आला की बेपी आधी कुणाची ओळख करून देतो हे गावाला माहीत आहे.

आता आमच्या लिव्हरची एक खूण आहे. ब्रेकच्या मागं एक पातं असतं, ते बोटानं ढकललं की गिअर हलका होतो, चढाला सोपं. आणि लिव्हरच्या आतल्या अंगाला एक बटण असतं, ते अंगठ्यानं खाली दाबलं की गिअर जड होतो, उताराला नि सपाटीला लागतो तसा. ज्याला सवय आहे त्याला दुसरं काही गोड लागत नाही. टक्, की बसला गिअर.

मावशीचा अंगठाच बसेनासा झाला होता.

मुळापाशी सांधा झिजला, असं डॉक्टर म्हणाला. ओल्या मातीत इतकी वर्षं दाबून दाबून दुसरं काय होणार? कुणाला कळू नये म्हणून ती बटण तळव्याच्या कडेनं दाबायची, कधी डावा हात पलीकडं नेऊन दाबायची. मागच्या शरद ऋतूत पठारावरून उतरताना तिला गिअर जड करता येईना. हलक्या गिअरवर पाय असे गरगरा फिरायला लागले, की ओत्तोरिनो मागून ओरडला, "एल्डा, लोणी काढतीयस काय?" आम्ही सगळे हसलो. तीही हसली. खाली आल्यावर तिनं हातमोजा काढला नाही, तसाच पेला धरला, डाव्या हातानं. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्याच हिवाळ्यात जुन्या सायकलीच्या नळीला चीर गेली. नवा सांगाडा करायला टाकला. आणि मग हा प्रश्न आला.

ओत्तोरिनो आमच्या टोळीचा अध्यक्ष. बेपीच्याच विभागात होता, आता कोंबड्या पाळतो. रविवारची फेरी संपवून आम्ही चौकातल्या बारबाहेर पांढरी वाइन घेऊन बसलो होतो, मावशीही पायीच येऊन बसली होती, तेव्हा त्यानं विषय काढला.

"एल्डा, जगात दोनच प्रकार हायत. आपला महाग अन् आपला स्वस्त. त्यातला एक सांग अन् मोकळी हो."

"मी इचार करतीय."

"कशाचा?"

"सगळ्यांचाच."

 ओत्तोरिनोनं पेला खाली ठेवला.

"सगळ्यांचाच म्हंजे?"

"म्हंजे आपला, जपानी, अन् तो अमेरिकेचा बी."

"अमेरिकेचा! अगं, त्यात एकच पातं असतंय. जरा ढकललं की इकडं जातंय, जास्त ढकललं की तिकडं. आपल्या महापौरासारखं. कवा कुटं जाईल भरवसा न्हाई."

सगळे खिदळले. पण ओत्तोरिनो हसला नाही. पुढं वाकून हळूच म्हणाला, "अन् बेपीला काय सांगशील?"

मावशीनं पेला संपवला. "त्याचाच तर इचार चाललाय," म्हणाली आणि उठली.

खरं दुखणं ते होतं. अंगठा बदलता येत नव्हता, गिअर बदलता येत होता. पण ज्या नवऱ्यानं आयुष्यभर ते बटण बसवलं त्याला 'तुझं बटण मला दाबवत नाही' हे कसं सांगायचं? आणि सांगितलं नाही तर डोंगर सोडायचा. मधली वाट तिला दिसत नव्हती.

वर आशीर्वादाचा रविवार जवळ येत होता. वसंतात मोसमाची पहिली मोठी फेरी निघते त्या सकाळी सगळ्या सायकली देवळापुढं उभ्या करायच्या आणि फादर तुल्लिओ, म्हणजे आमचे पाद्री, त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. यात आमची एक रीत आहे. आपल्या मालाच्या सायकली देवळाच्या भिंतीला. परक्या मालाच्या समोरच्या तुतीच्या झाडाला. पायरीवरून उडवलेलं पाणी भिंतीपर्यंत सहज पोचतं, तुतीपर्यंत पोचत नाही. तुतीखाली दातांचा डॉक्टर फ्लाव्हिओ आणि असे चारदोन जण असतात. त्यांची वर्षभर थट्टा होते. कुणाचं चाक पंक्चर झालं की पहिला प्रश्न, "तुतीखालचा का?"

एका शुक्रवारी मावशी आंपेलिओकडं गेली. म्हणाली, "तुझ्याकडं ती जपानी हाय न्हवं, लोकांना बघायला ठेवलेली? दे जरा. कालव्यापर्यंत जाऊन येते."

आंपेलिओनं सीट खाली करून दिली आणि रस्त्यावर कुणी नाही ना ते बघून तिला मागच्या दारानं काढलं.

जपानी लिव्हरमध्ये अंगठ्याला कामच नाही. ब्रेकचं पातंच आत ढकललं की गिअर हलका, त्याच्या मागचं धाकटं पातं ढकललं की जड. सगळं दोन बोटांत. मावशी कालव्याच्या कडेनं गेली, पुलाचा उंचवटा चढली, उतरली, पुन्हा वळून चढली. मी शेतात द्राक्षाच्या वेली बांधत होतो. मला दिसली ती अशी की एखादी पोर जत्रेत पाळण्यात पुन्हा पुन्हा बसते ना, तशी. उंचवट्यावरून खाली, परत वर, परत खाली. एकटीच हसत.

परत जाताना काहीतरी विसरली म्हणून घरापाशी क्षणभर थांबली, तीच सायकल फाटकाला टेकवून. बेपी मागं सशांच्या खुराड्यापाशी होता. त्यानं पाहिलं नाही.

शुक्रवारी त्यांच्याकडं बाकाला असतो, दुधात तासन्‌तास शिजवलेला सुका मासा, आणि बरोबर पोलेंता. त्या दिवशी मी अंडी द्यायला गेलो आणि मावशीनं मला बसवूनच घेतलं. बहुतेक तिला एकटीला बेपीसमोर बसायचं नव्हतं. तांब्याच्या भांड्यातली पिवळीधमक पोलेंता बेपीनं लाकडी पाटावर उलटी केली, ती त्याचीच पाळी असते. आणि खाली बसत म्हणाला, "आज जपानहून पाव्हणं आलतं काय?"

मावशीचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तुझी जुनी सायकल वळणावर आली, तू पाय थांबवलंस, की मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचा आवाज मला खुराड्यापातूर यायचा. करकर करकर. आज फाटक वाजलं, पर त्याच्या आधी आवाजच न्हाई. मांजर आल्यागत. असं गपचिप आपल्यातलं कुणी येत न्हाई."

"आंपेलिओची हाय ती. जरा चालवून बघत होते."

"बघ की. मी कुटं न्हाई म्हणतोय?" बेपीनं रुमाल गळ्याला खोचला. मग त्याची नजर पाटावर गेली आणि तो एकदम ताठ झाला. "हे काय करतीयस?"

मावशीच्या हातात सुरी होती. सुरीनं ती पोलेंता कापत होती.

आता हे समजून घ्या. आमच्याकडं पोलेंता दोऱ्यानं कापतात. दोऱ्याची दोन्ही टोकं दोन अंगठ्यांना गुंडाळायची, दोरा पोलेंतेच्या खालून सरकवायचा आणि वर ओढायचा. सुरी लागली की ती चिकटते, फाटते, नि चवही जाते म्हणतात. पोलेंतेत सुरी घालणारा माणूस आमच्याकडं एक तर परगावचा असतो, नाही तर सोयरिक मोडायला आलेला.

"ह्या घरात पोलेंताला सुरी कवापास्नं लागायला लागली?" बेपीचा आवाज चढला. "आदी गिअर परका, आता सुरी! उद्या बाकाल्याबरोबर भात वाढशील!"

"ओरडू नगंस."

"ओरडतोय कुटं? इचारतोय! माझ्या आईचा दोरा खुंटीला हाय तिथं, तुझ्या नाकासमोर! त्यो दिसत न्हाई व्हय?"

"दिसतोय!" मावशीनं सुरी पाटावर आपटली. "दिसतोय, पर गुंडाळू कशाला? ह्याला?"

आणि तिनं उजवा अंगठा त्याच्या तोंडासमोर धरला. मुळाशी सुजलेला, आत वळलेला, जुन्या वेलीच्या गाठीसारखा. मी ताटात बघायला लागलो.

बेपीनं तिचा हात हातात घेतला. अंगठा जरा हलवून बघितला. तिनं ओठ दाबले.

"कवापास्नं?"

"लई दिवस झालं."

"अन् बटण?"

"न्हाई दाबवत."

बेपी उठला, खुंटीवरचा दोरा काढला, आपल्या अंगठ्यांना गुंडाळला, आणि सुरीनं फाटलेला भाग सोडून उरलेली पोलेंता सरळ काप काप कापली. पहिला काप तिच्या ताटात घातला. मग म्हणाला, "खा. गार होतीय."

त्यानंतर तो शेडमध्ये घुसला. मला वाटलं रुसला. पण आतून कानशीचा आवाज यायचा. जेवायला हाक मारली तर "आलो, आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. शेवटी एका सकाळी त्यानं मावशीला बोलावलं. मीही मागोमाग गेलो. लोखंडी शिकंज्यात हँडलचा तुकडा पकडलेला, त्यावर आमचा लिव्हर, आणि अंगठ्याच्या बटणाला बेपीनं पितळेची एक रुंद पट्टी जोडली होती. वाकवलेली, घासून आरशासारखी केलेली. बटणापेक्षा कितीतरी लांब. लांब पट्टी म्हणजे जोर कमी, हिशेब सरळ होता.

"दाब," बेपी म्हणाला. लहान पोरानं चित्र दाखवावं तसा उभा होता.

मावशीनं दाबलं. टक्. गिअर पडला.

"बघ! पडतोय का न्हाई!"

"पडतोय," मावशी म्हणाली.

"आणि एकदा."

टक्.

बेपीचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. कारखान्यातनं बाहेर पडल्यापासून त्याला असं मी पाहिलं नव्हतं. आणि मावशी त्याच्याकडं बघत होती. मला तेव्हाच कळलं की तिला दुखलंय. आधीपेक्षा कमी, पण दुखलंय. इथं शेडमध्ये दोनदा दाबलं. डोंगरावर दिवसभर दाबायचंय. ती एक शब्द जरी गोड बोलली असती तर काम झालं होतं. नवऱ्याची पट्टी लावून ती भिंतीला उभी राहिली असती, ओत्तोरिनोनं पाठ थोपटली असती, आणि तिनं एक वर्षभर सायकल चालवली असती. पुढं हळूहळू सोडली असती, काहीतरी गुडघ्याचं निमित्त काढून.

तिनं पट्टीवरून बोट फिरवलं.

"लई चांगली केलीयस, बेपी."

"मग?"

"मग काय... दुखतंय रं."

तिनं पट्टीवरचा हात काढला.

"थोडं दुखतंय, पर दुखतंय. थंडीत जास्त दुखंल. अन् मला आणखी लई वर्सं वर जायचंय. मी जपानीच घेणार हाय. तुला वाईट वाटलं तरी घेणार हाय."

 बेपीनं लिव्हर शिकंज्यातनं सोडवला. उलटा करून बघितला, जणू चूक तिथंच कुठं तरी लिहिलेली असेल. मग एक सुस्कारा टाकला.

"मी हे बटण बसवत होतो तवा अंगठा धडधाकट असतोय असंच धरून बसवलं. सगळे आम्ही बापे. कुणाच्या डोक्यात आलं न्हाई, की कुणी मातीत दाबून दाबून अंगठा घालवून बसल म्हणून." त्यानं नाक पुसलं. "घे जपानी. पर आंपेलिओला हात लावू द्यायचा न्हाई. बसवणार मी."

"तू? तुला त्यातलं काय कळतंय?"

"चोराच्या घरात काय काय हाय ते आम्हाला लई आदीपास्नं बघायचं होतं!"

आंपेलिओच्या दुकानात ते बसवणं म्हणजे तमाशा होता. बेपीनं कारखान्याची टोपी घातली होती, मुद्दाम. खोक्यातनं एकेक भाग काढायचा, उजेडात धरायचा, चष्मा वर करायचा, खाली करायचा.

"बघ, बघ, हितं किती बारीक काम केलंय. हलकट लेकाचे." जरा वेळानं, "स्प्रिंग अशी ठेवलीय व्हय? आरं वा! म्हंजे... वा कसलं, बरं हाय." मग परत, "आंपेलिओ, हे मी बोललो ते ओत्तोरिनोला सांगितलंस तर तुझं नरडं दाबीन."

"मी कशाला सांगू? तूच एवढ्या मोठ्यांदा बोलतोयस की त्याच्या कोंबड्यांना बी ऐकू जाईल."

मागच्या चाकापाशी येऊन तो अडला. चाक जुन्या सायकलीचंच बरं होतं, पण त्याचं फ्रीव्हील आमच्या मालाचं, जपानी चकत्या त्यावर बसत नाहीत. आंपेलिओनं नवं चाक पुढं केलं. बेपीनं ते हवेत धरून फिरवलं. कान लावला.

"हे मुकं हाय."

"गप चालतंय म्हण."

"मुकं हाय. मी खुराड्यापाशी असलो की मला कळाया नको ही आली म्हणून? पोलेंता उलटायची कवा मी?" आणि मग तो जाऊन कारखान्यातल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडनं एक भाग घेऊन आला. आमचाच माल, पण जपानी चकत्यांच्या मापाचा. जुनं चाक, आमचा आवाज, वर जपानी दात. चाक बसलं, बेपीनं हातानं फिरवलं आणि सगळं दुकान करकरलं. तो मावशीकडं वळला. "बोटं तुझी, आवाज माझा. चालल?"

"चालल," मावशी म्हणाली.

आशीर्वादाच्या रविवारी ती निळी सायकल ढकलत मावशी चौकात आली, बरोबर बेपी, तीच टोपी घालून. आवाज ऐकून ओत्तोरिनोनं भिंतीपाशी आनंदानं जागा केली. "ये, ये! मला ठाऊक होतं तू आपल्यातच..." मग त्यानं लिव्हर बघितले. खाली वाकला, पुन्हा बघितले. "एल्डा, हे काय?"

"जपानी."

"अन् आवाज?"

"आपला."

ओत्तोरिनोनं टोपी मागं सारली. असली सायकल त्याच्या कायद्यात नव्हती. आम्ही बाकीचे गोळा झालो. कुणी म्हणालं आवाजावर ठरवा, कुणी म्हणालं हातावर ठरवा. एक जण म्हणाला, अर्धी भिंतीला, अर्धी झाडाला. ओत्तोरिनो डोकं खाजवत राहिला.

"एवढं काय डोकं शिणवतोस," मावशी म्हणाली. "तुतीला सावली हाय. मी तिकडं चालले." आणि ती सरळ सायकल घेऊन झाडापाशी गेली. दातांच्या डॉक्टरनं सरकून जागा दिली. "या बाई, या! आमच्याकडं दाताची तपासणी फुकट."

"माझं दात मीच काढून ठेवते रातच्याला. तुझा धंदा बुडाला."

बेपी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कारखान्याची टोपी, तुतीचं झाड. 

फादर तुल्लिओ पायरीवर आले, प्रार्थना झाली, पाणी उडालं. भिंतीवर पोचलं. तुतीपर्यंत नेहमीप्रमाणं नाही.

"फादर!" बेपीनं टोपी हातात घेऊन हाक मारली. "हिकडं बी मारा की दोन थेंब! हिनं लग्नापासनं तुमच्या देवळातल्या सगळ्या जगांचं कान लावलेत. आज तुम्ही हात आखडता घेताय व्हय?"

फादर तुल्लिओंनी हातातल्या भांड्याकडं बघितलं. नोवेचंच होतं ते. त्यांनी कानाच्या खाली अंगठा लावून बघितला असावा, कारण ते हसले. मग झगा उचलून पायऱ्या उतरले, चौक ओलांडून तुतीपाशी आले, आणि मावशीच्या हँडलवर असं भरपूर पाणी शिंपडलं की बेपी ओरडला, "बास, बास! गंज चढल!"

त्या दिवशी आम्ही रोझिनाचा चढ चढून पुढं पठारापर्यंत गेलो. चेरीची झाडं फुललेली होती. मावशी मागून बोलत येत होती, नवं काय ते सांगत. माथ्यावर थांबून पाणी प्यालो आणि उतार सुरू झाला. मी तिच्या मागं होतो म्हणून मला दिसलं. वळणावळणाला तिची दोन बोटं पातं ढकलायची, गिअर बसायचा, सायकल सुसाट. आणि प्रत्येक वेळी उजवा अंगठाही हलायचा. जिथं बटण असायचं तिथं, रिकाम्या हवेत, वर एकदा, खाली एकदा. दुखत नसावं. ती गाणं गुणगुणत होती.

खाली सपाटीला लागल्यावर ओत्तोरिनो तिच्या बाजूला आला. 

"एल्डा," तो म्हणाला, "ते धाकटं पातं... ते किती हलकं जातंय?"

"कशाला? तुला काय करायचंय?"

"न्हाई, सहज. माहिती असावी माणसाला." आणि त्यानं आपला उजवा हात हँडलवरून उचलून हळूच झटकला.

"तुतीखाली जागा हाय," मावशी म्हणाली.

"जीभ आवर!"

घराच्या वळणावर तिनं पाय थांबवले आणि सायकल नुसती सोडून दिली. करकर, करकर. आतून भांड्याचा आवाज आला. आम्ही फाटकात उतरेपर्यंत पोलेंता पाटावर उलटी झालेली होती, वाफ येत होती. "बस रे तू पण," बेपी मला म्हणाला.

मावशी सुरी शोधायला लागली. बेपीनं खुंटीकडं बोट केलं. आईचा दोरा तिथंच होता, पण त्याच्या दोन्ही टोकांना आता पितळेच्या दोन गोल मुठी होत्या. शेडमधल्या त्या पट्टीच्या. कापून, वाकवून, घासून केलेल्या. अंगठा लागत नव्हता, नुसती मूठ वळायची.

मावशीनं दोन्ही मुठी धरल्या, दोरा पोलेंतेखालून सरकवला आणि वर ओढला. काप सरळ पडला.

"कसा जातोय?" बेपीनं विचारलं.

"हलका," मावशी म्हणाली, आणि दुसरा काप काढला.